तळोज्यातले निळे कुत्रे आणि रंग फोडणारे जिवाणू

ऑगस्ट २०१७. नवी मुंबईतल्या तळोजा एमआयडीसीतून काही फोटो व्हायरल झाले. रस्त्यावरचे भटके कुत्रे, पण अंगाचा रंग चक्क निळा. आधी सगळ्यांना वाटलं फोटोशॉप आहे. मग प्राणिमित्र संघटनेने तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी जागेवर गेले आणि फोटो खरे निघाले. रंग वापरणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात हे कुत्रे खाणं शोधत फिरायचे, तिथली निळी पूड त्यांच्या केसांवर बसायची. मंडळाने तो कारखाना बंद करण्याचे आदेश दिले. जगभरच्या माध्यमांनी बातमी चालवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे फोटो अजूनही दर पावसाळ्यात कुणीतरी नव्याने फॉरवर्ड करतं आणि खाली ‘कासाडी नदीत पोहून निळे झाले’ असं लिहितं. नदी खराब होती हे खरंच आहे, त्याकडे येऊच. पण मंडळाच्या पाहणीत सापडलं ते उघड्यावर पडलेली आणि हवेत उडणारी रंगाची पूड. अंगावरची पूड पाण्याने धुऊन काढता येते. खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. पाण्यात एकदा विरघळलेला रंग पाण्यातून कसा काढायचा?

या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे जिवाणू. आणि त्यावर जगात झालेल्या कामातला मोठा वाटा आपल्याच कोल्हापुरातून आलेला आहे.

रंग नाल्यात जातोच कसा?

कपड्यांचे रंग शेकडो वर्षं झाडापाल्यातून, मुळांतून, किड्यांतून यायचे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने मलेरियावरचं क्विनाइन बनवायचा प्रयत्न केला आणि हाती आला जांभळा रंग. तो पहिला यशस्वी कृत्रिम रंग. दोनच वर्षांनी पीटर ग्रीस याने एक नवी रासायनिक क्रिया शोधली आणि तिच्यातून पुढे ‘अ‍ॅझो’ रंगांचं सगळं घराणं जन्माला आलं. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून बरेच अधिक याच घराण्यातले आहेत. लाल, केशरी, पिवळा, काळा, गडद निळा, यातला बहुतेक मामला अ‍ॅझोचा.

सुती कापडासाठी मोठी उडी १९५६ साली झाली. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग बाजारात आणले. हे रंग धाग्याला नुसते चिकटत नाहीत, धाग्याशी रासायनिक बंध करतात. म्हणून धुतल्यावर उतरत नाहीत. तुमच्या अंगातला सुती टी-शर्ट दहा धुण्यांनंतरही काळाच राहतो, तो यामुळे.

पण इथेच मेख आहे. रंगाच्या टाकीत धागाही असतो आणि पाणीही. काही रेणू धाग्याशी जोडले जातात, काही पाण्याशीच जोडले जातात. पाण्याशी जोडलेला रेणू निकामी होतो, तो पुन्हा धाग्याला धरत नाही. रंग, कापड आणि पद्धत यांनुसार रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा दहा टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंतचा भाग असा वाया जाऊ शकतो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी टाकीत भरपूर मीठ घालतात, लिटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅम आणि गडद रंगाला त्याहून जास्त. हे मीठही त्याच पाण्याबरोबर बाहेर पडतं. पुढे जिवाणूंची गोष्ट येईल तेव्हा हे मीठ लक्षात असू द्या.

रंग दिसायला फार थोडा लागतो. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम एवढा रंगसुद्धा डोळ्यांना कळतो. म्हणून रंगीत नाला बघून लोक लगेच हादरतात, आणि त्याच्या शेजारचा बिनरंगाचा पण दहापट विषारी नाला कुणाच्या नजरेतही येत नाही.

टिकाऊपणा हाच दोष

रंग बनवणाऱ्यांनी दीडशे वर्षं एकच ध्यास घेतला: ऊन, साबण, घाम, ब्लीच, कशानेही रंग उडता कामा नये. त्यात ते यशस्वी झाले. जो रेणू तुमच्या कपड्यावर उन्हाला दाद देत नाही, तो नदीत तरी का देईल?

रंगीत पाण्यातून उजेड खाली जात नाही, पाणवनस्पतींचं अन्न बनवणं मंदावतं, पाण्यातला ऑक्सिजन घटतो. दुसरा धोका रंगाच्या तुकड्यांचा. काही अ‍ॅझो रंग तुटले की त्यांतून बेंझिडिनसारखी अमाइन द्रव्यं बाहेर पडतात आणि बेंझिडिनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो हे पक्कं ठरलेलं आहे. भारतात बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर १९९३ पासून बंदी आली आणि १९९७ साली आणखी ७० अ‍ॅझो रंग बंदीच्या यादीत टाकले गेले. म्हणजे ‘अ‍ॅझो रंग म्हणजे कॅन्सर’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाक्य सरसकट खरं नाही. कुठला रंग, आणि तो तुटल्यावर त्यातून काय निघतं, यावर सगळं ठरतं.

मग नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात काय होतं?

एमआयडीसीत छोट्या-मोठ्या कारखान्यांचं सांडपाणी एकत्र आणून शुद्ध करणारं केंद्र असतं, त्याला सगळे सीईटीपी म्हणतात. तळोज्यातल्या केंद्राची क्षमता रोज २ कोटी २५ लाख लिटर. अशा केंद्रांत जिवाणू असतातच, त्यात नवं काही नाही. मोठ्या टाक्यांत खालून हवा सोडतात, तपकिरी गाळ घुसळत राहतो, आणि त्या गाळातले जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण खातात.

मग ते रंग का खात नाहीत? कारण हवा.

अ‍ॅझो रंगाच्या मध्यभागी नायट्रोजनच्या दोन अणूंना जोडणारा एक दुहेरी बंध असतो. रंग दिसतो तो प्रामुख्याने याच्यामुळे. तो बंध तोडायचा तर त्याला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. जिवाणू अन्न खातो तेव्हा त्याच्याकडे इलेक्ट्रॉन जमतात आणि ते कुणाला तरी देऊन मोकळं व्हावं लागतं. समोर ऑक्सिजन असेल तर तो ते आधी हिसकावून घेतो, रंगाला काही मिळत नाही. ऑक्सिजन नसेल तर जिवाणू नाइलाजाने ते रंगाच्या रेणूला देतो आणि मधला बंध तुटतो. हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव अ‍ॅझोरिडक्टेज.

म्हणजे रंग काढायला हवा बंद हवी. पण बंध तुटल्यावर जी अमाइन द्रव्यं उरतात ती बहुतेक बिनहवेच्या टाकीत तशीच पडून राहतात, त्यांना संपवायला हवा लागते. म्हणून नीट बनवलेल्या केंद्रात दोन टप्पे लागतात: आधी हवेविना, मग हवेसह. नुसतीच हवेची टाकी असेल तर रंग आत येतो तसाच बाहेर जातो. थोडाफार गाळाला चिकटतो, एवढंच.

याचा एक पुरावा औषधशास्त्रात आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचा एक लाल अ‍ॅझो रंग जंतुसंसर्गावर औषध म्हणून लागू पडतो हे दाखवलं. १९३९चं नोबेल त्यांना मिळालं. गंमत अशी की परीक्षानळीत हा रंग जंतूंना काहीच करत नसे, शरीरात गेल्यावरच काम करायचा. १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कोडं सुटलं. शरीरात अ‍ॅझो बंध तुटतो आणि सुटलेला अर्धा तुकडा, सल्फानिलामाइड, हे खरं औषध. हा बंध तोडण्यात मोठा वाटा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंचा असतो, कारण तिथेही हवा नसते. आतड्याच्या सुजेवर डॉक्टर आजही सल्फासॅलाझिन लिहून देतात, ते याच युक्तीवर चालतं.

सोलापूरची माती, कोल्हापूरची प्रयोगशाळा

इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं शहर, सोलापूर चादरी आणि टॉवेलचं. दोन्हीकडे रंगाई आणि प्रोसेसिंगची युनिट्स आली, आणि त्यांच्या मागे रंगीत नाले. इचलकरंजीच्या पंचगंगेचं दुखणं तर जुनं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापक संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न अनेक वर्षं लावून धरला.

त्यांचा तर्क साधा होता. जिथे वर्षानुवर्षं रंगाचं पाणी मुरतंय, तिथल्या मातीत त्या रंगाशी जुळवून घेतलेले जिवाणू असणारच. सोलापूरच्या एका कापड उद्योगाच्या दूषित जागेवरची माती त्यांनी आणली आणि तिच्यातून स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा केला. त्याला नाव दिलं ‘एसयूके१’. एसयूके म्हणजे शिवाजी युनिव्हर्सिटी कोल्हापूर. २००८ साली छापून आलेल्या निबंधानुसार या जिवाणूने लिटरमागे ५० मिलिग्रॅम असलेला ‘रेड बीएलआय’ हा रंग एका तासात ९९ टक्क्यांहून जास्त काढून टाकला. तापमान ३० अंश, आणि पाणी न हलवता, म्हणजे ऑक्सिजन मिसळू न देता.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा एक संग्रह आहे. रक्तपेढीसारखीच जिवाणूंची पेढी म्हणा. तिथल्या २११२ क्रमांकाच्या स्यूडोमोनासवरही याच गटाने काम केलं. बेंझिडिन कुळातला ‘डायरेक्ट ब्लू ६’ हा रंग, लिटरमागे १०० मिलिग्रॅम. तो पूर्ण जायला लागले ७२ तास.

एक तास आणि बहात्तर तास. ‘जिवाणूंनी रंग खाल्ला’ अशी बातमी वाचताना कुठला जिवाणू, कुठला रंग आणि किती वेळ, हे तीन प्रश्न का विचारायचे ते यावरून कळेल.

या गटाने पाव फुगवणारं साधं यीस्टही वापरून पाहिलं, आणि झाडंही. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत सकाळी दहाच्या सुमारास फुलणारं ‘ऑफिस टाइम’ रंगाचे रेणू मोडू शकतं, हे यांनीच दाखवलं. पुढे झेंडू, अ‍ॅस्टर, गलांडा यांसारखी बागेतली फुलझाडं रंगाच्या सांडपाण्याच्या जागी वाफ्यांवर लावून प्रत्यक्ष चाचणी झाली. पाणकणीस या दलदलीत वाढणाऱ्या गवतावरही काम आहे. मुळांभोवती जिवाणूंची वस्ती असतेच, त्यामुळे झाड आणि जिवाणू दोघे मिळून काम करतात. यांत खायची झाडं मुद्दाम घेतलेली नाहीत, हेही शहाणपणाचंच.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

नाही. या विषयावरच्या रील्समध्ये हमखास गाळलं जातं ते हेच.

रंग जाण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिली, रंग जिवाणूच्या अंगाला नुसता चिकटतो. पाणी स्वच्छ दिसतं, पण जिवाणूंचा गोळा रंगीत होतो आणि विष होतं तिथेच राहतं. दुसरी, रंगाचा रेणू तुटतो पण तुकडे शिल्लक राहतात. असं पाणी कधी कधी उघड्यावर ठेवलं की हवा लागून पुन्हा गढूळ-तपकिरी होतं. तिसरी, तुकड्यांचेही तुकडे होऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी, अमोनिया अशी साधी द्रव्यं उरतात. आपल्याला तिसरी हवी असते.

मॅलॅकाइट ग्रीन हे दुसऱ्या तऱ्हेचं चांगलं उदाहरण. हा अ‍ॅझो रंग नाही, वेगळ्या कुळातला आहे. तो रिड्यूस झाला की त्याचा रंगच जातो. पण बनलेलं बिनरंगाचं रूप माशांच्या चरबीत साठून दीर्घकाळ राहतं. म्हणूनच निर्यातीच्या मासळीत या द्रव्याचा शोध घेतात. डोळ्यांना दिसेनासं झालं, एवढंच.

मग खरं काय ते कळणार कसं? रंगमापक यंत्र फक्त रंग मोजतं. तुकडे ओळखायला वेगळी, महागडी यंत्रं लागतात. आणि एक चाचणी अशी आहे की ती आपल्या शेतकऱ्यालाही लगेच पटेल. कोल्हापूरच्या गटाने ज्वारी आणि उडदाचे दाणे घेतले. काही रंगाच्या पाण्यावर, काही जिवाणूंनी प्रक्रिया केलेल्या पाण्यावर, काही साध्या पाण्यावर उगवायला ठेवले. किती दाणे रुजले, कोंब किती वाढला, मूळ किती लांब गेलं, ते मोजलं. प्रक्रिया केलेल्या पाण्यातली रोपं साध्या पाण्यातल्या रोपांच्या जवळपास येत असतील तर तुकडे फार विषारी नाहीत असं म्हणता येतं. ९९ टक्के रंग गेला या आकड्यापेक्षा ज्वारीचं मूळ किती वाढलं हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

फ्लास्कमधून तळोज्याच्या टाकीत

आता कासाडीकडे वळू. ही नदी तळोजा औद्योगिक भागातून वाहत खाडीला मिळते. आजूबाजूच्या आगरी-कोळी गावांची मासेमारी या पाण्यावर होती. २०१६ साली मच्छीमारांच्या मागणीवरून नवी मुंबई महापालिकेने पाणी तपासलं. त्यावेळच्या बातम्यांनुसार पाण्याची बीओडी, म्हणजे घाण कुजवण्यासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनची मागणी, लिटरमागे ८० मिलिग्रॅम निघाली. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यालाही मर्यादा ३० ची आहे. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

अशा ठिकाणी एसयूके१ सारखा जिवाणू आणून टाकला तर? गोष्ट तेवढी सोपी नाही.

पहिली अडचण वेळेची. ७२ तास लागणारा रंग असेल तर तळोज्याएवढ्या केंद्राला तीन दिवसांचं पाणी, म्हणजे पावणेसात कोटी लिटर, साठवून ठेवावं लागेल. ऑलिंपिकच्या २७ जलतरण तलावांएवढं. नवी मुंबईत एवढी जागा कोण देणार?

दुसरी अडचण मिसळीची. प्रयोगशाळेत एका फ्लास्कमध्ये एकच रंग असतो. तळोज्यात रसायनं, औषधं, रंग, मासळी प्रक्रिया, सगळ्यांचं पाणी एकाच पाइपात. सोमवारी खारट, मंगळवारी आम्लधर्मी, बुधवारी कुणीतरी सॉल्व्हंट सोडलेलं. जिवाणू एका रात्रीत मरतात आणि टाकी पुन्हा उभी करायला काही आठवडे जातात. शिवाय रंगाईच्या पाण्यात मीठ असतंच. साध्या जिवाणूंना ते सोसत नाही. त्यासाठी मिठागरं, खाडी अशा खाऱ्या जागचे जिवाणू शोधण्याचं काम जगभर चालू आहे. खाडीकाठच्या नवी मुंबईला अशी जागा लांब शोधावी लागणार नाही.

तिसरी अडचण खाण्याची. जिवाणू रंगावर जगत नाहीत. त्यांना दुसरं अन्न लागतं, त्यातून मिळालेले इलेक्ट्रॉन ते रंगाला देतात. प्रयोगशाळेत यीस्टचा अर्क किंवा ग्लुकोज घालतात. रोज दोन कोटी लिटरला ते घालायचं म्हटलं तर हिशेब कुणालाच परवडणार नाही. म्हणून शेतातला टाकाऊ माल, कोंडा, मळी वापरून पाहतात. तळोज्यातल्या मासळी कारखान्यांचं पाणी सेंद्रिय घाणीने भरलेलं असतं. ते मापात वापरून रंगाच्या पाण्यातले जिवाणू पोसता येतील का, हे कुणीतरी तपासायला हवं असं मला वाटतं.

चौथी गोष्ट, एकटा जिवाणू क्वचितच टिकतो. बाहेरून आणलेल्या हुशार जिवाणूला टाकीतले जुने गावकरी जिवाणू काही दिवसांत हटवतात. म्हणून मिश्र समूह वापरणं किंवा जिवाणूंना स्पंज, प्लॅस्टिकच्या चकत्या यांवर वस्ती करू देणं जास्त चालतं. ‘नाल्यात ही पावडर टाका, रंग गायब’ असं विकणाऱ्यांना हा प्रश्न नक्की विचारा: पावडरीतले जिवाणू महिनाभरानंतर टाकीत उरतात का, ते मोजलंय का?

शिवाय सगळेच रंग तुटत नाहीत. तांबं पोटात धरून बसलेले फिरोजी रंग फार चिवट आहेत. जीन्सची नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिची तर गोष्ट उलटी आहे: जुने रंगारी निळीच्या हौदात गूळ, चुना घालून ती आंबवायचे आणि हवेविना वाढणारे जिवाणू निळीला विरघळत्या रूपात आणायचे. कापड बाहेर काढलं की हवेत पुन्हा निळं. म्हणजे रंग आणि जिवाणू यांची ओळख सीईटीपीपेक्षा बरीच जुनी आहे.

तरीही जिवाणूच का?

कारण बाकीच्या बऱ्याच पद्धती रंग फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात. चुना आणि लोहाचे क्षार घालून रंग खाली बसवला की तो गाळात जातो. कोळशाने शोषला की कोळशात. आरओने गाळला की मागे उरलेल्या खाऱ्या रगाड्यात. तो गाळ घातक कचरा ठरतो आणि त्याला पुरावं लागतं. मुंबई परिसराची अशी सामायिक जागा पुन्हा तळोज्यातच आहे! ओझोनने रंग तुटतो खरा, पण विजेचं बिल मोठं येतं. जिवाणू रंग तोडतात, आणि तेही खोलीच्या तापमानाला, स्वस्तात.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने वेगळा मार्ग धरला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई युनिट्स बंद करायला लावली आणि थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर ती पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता तिथे जैविक टाकी, मग आरओ, मग पाणी आटवून मीठ परत काढणं, अशी साखळी चालते. खर्चिक आहे. पण त्या साखळीतही सुरुवातीचं बरंचसं काम जिवाणूच करतात. सेंद्रिय घाण आधी निघाली नाही तर आरओचे पडदे लवकर तुंबतात.

नियमांकडे पाहायचं तर कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली रंगाची मर्यादा आकड्यात घातली: १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक. त्याआधीच्या सर्वसाधारण नियमात एवढंच होतं की रंग आणि वास ‘शक्य तितका’ काढावा. शक्य तितका म्हणजे किती, यावर कुणालाही पकडता येत नसे. आता नमुना घेऊन आकडा दाखवता येतो. तुमच्या भागात रंगीत नाला दिसला तर फोटोबरोबर तारीख, वेळ आणि जागा नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार करा आणि नमुना घेतल्याचा अहवाल मागा. रंग रात्री किंवा जोरदार पावसात सोडला जातो अशी तक्रार सगळीकडेच ऐकू येते. त्यामुळे वेळ लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं.